सीयूईटीला कोणते विषय घ्यावेत? इंदूरच्या मराठी घरांसाठी सविस्तर मार्गदर्शन

सीयूईटी म्हणजे केंद्रीय आणि इतर काही विद्यापीठांतल्या पदवी प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा. तिच्या अर्जात जास्तीत जास्त पाच विषय निवडता येतात. पुष्कळ घरांत ही निवड मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी सायबर कॅफेच्या खुर्चीवर होते आणि तिचा फटका जुलैत कळतो. गुण उत्तम असतात, पण हव्या त्या अभ्यासक्रमाला लागणारा एक पेपर दिलेलाच नसतो. त्यावर तेव्हा कुठलाही इलाज नसतो, कारण न दिलेला पेपर पुढच्या वर्षीच देता येतो. म्हणून बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीतल्या दोन-तीन संध्याकाळी या कामासाठी राखून ठेवाव्यात. लागणारं सामान थोडंच आहे: एक मोठा ताव, पट्टी, विद्यापीठांच्या माहितीपुस्तिका आणि मागच्या वर्षांचे पेपर.

परीक्षेची मांडणी

राष्ट्रीय चाचणी संस्था, म्हणजे एनटीए, ही परीक्षा २०२२ पासून घेते. नियम जवळजवळ दर वर्षी बदलत आले आहेत. २०२४ मध्ये सहा विषय घेता येत होते, २०२५ मध्ये पाच झाले. पूर्वी ५० पैकी ४० प्रश्न सोडवायची सूट होती, तीही २०२५ मध्ये गेली. म्हणून मोठ्या भावंडाचा सल्ला प्रेमाने ऐकावा, पण निर्णय चालू वर्षाच्या पुस्तिकेवरच घ्यावा. इथले आकडे २०२५च्या नियमांचे आहेत.

एकूण ३७ विषय आहेत: १३ भाषा, २३ शालेय विषय आणि एक जनरल टेस्ट, म्हणजे सामान्यज्ञान आणि तर्काचा पेपर. भाषांमध्ये इंग्रजी, हिंदी आणि मराठी तिन्ही आहेत. प्रत्येक पेपर ६० मिनिटांचा, ५० प्रश्नांचा आणि २५० गुणांचा असतो. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. परीक्षा संगणकावर होते. शुल्क असं: खुल्या वर्गासाठी तीन विषयांपर्यंत १,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक विषयाला ४०० रुपये, म्हणजे पाच विषयांना १,८००. ओबीसी आणि ईडब्ल्यूएससाठी हेच १,६५०, तर एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी १,५०० रुपये होतात.

पहिलं पाऊल: सीयूईटी लागणार आहे का, ते ठरवा

इंदूरमध्येच शिकायचं असेल तर अनेक वाटा सीयूईटीतून जातच नाहीत. होळकर सायन्स कॉलेज किंवा इतर सरकारी महाविद्यालयांतल्या बीए, बीएससी, बीकॉमला राज्याच्या ई-प्रवेश प्रक्रियेतून बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळतो. एसजीएसआयटीएसच्या अभियांत्रिकीला जेईई मेन, एमजीएम मेडिकलला नीट, आयआयएम इंदूरच्या आयपीएम या पाच वर्षांच्या व्यवस्थापन अभ्यासक्रमाला त्यांची स्वतःची परीक्षा आणि भोपाळच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाला क्लॅट लागते. पुण्याला आत्याकडे किंवा मामाकडे राहून बीबीए-बीसीए करायचा बेत असेल, तर महाराष्ट्रात २०२४ पासून त्यासाठी राज्याची वेगळी सीईटी आहे. तिथे सीयूईटीचे गुण लावता येतील असं गृहीत धरू नका.

अमेरिकेचा विचार असणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथल्या प्रवेशासाठीच्या सॅटच्या विषयवार परीक्षा २०२१ मध्येच बंद झाल्या. खजुरी बाजारात त्यांची जुनी पुस्तकं दिसली तरी घेऊ नयेत.

सीयूईटी लागते ती मुख्यतः केंद्रीय विद्यापीठांसाठी: दिल्ली, बनारस, जेएनयू, आपल्या राज्यातली सागरची डॉ. हरिसिंह गौर आणि अमरकंटकची इंदिरा गांधी जनजातीय. इंदूरच्या देवी अहिल्या विद्यापीठानेही २०२२ पासून आपल्या अध्यापन विभागांतल्या अनेक अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटीवर नेले. खंडवा रोडवरच्या तक्षशिला परिसरातल्या विभागांत जायचं असेल, तर घरात राहून शिकायच्या बेतालाही ही परीक्षा द्यावी लागू शकते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येतं. शिवाय कृषी विद्यापीठांतल्या अखिल भारतीय कोट्याच्या पदवी जागा २०२३ पासून सीयूईटीतून भरल्या जातात. शेतीकडे ओढा असलेल्या मुलांनी ही ओळ तावावर आवर्जून घ्यावी.

दुसरं पाऊल: अभ्यासक्रमाकडून विषयाकडे या

नेहमीची चूक अशी होते की मूल ‘मला काय चांगलं येतं’ तिथून सुरुवात करतं. खरी सुरुवात ‘मला कुठे जायचं आहे आणि तिथे कोणत्या पेपरांची बेरीज धरतात’ इथून करायची असते.

तावावर डाव्या बाजूला आठ ते दहा अभ्यासक्रम लिहा. नुसतं ‘दिल्ली विद्यापीठ’ लिहून भागत नाही, ‘दिल्ली, बीकॉम ऑनर्स’ असं नेमकं लिहावं लागतं, कारण नियम अभ्यासक्रमागणिक वेगळे असतात. वरच्या बाजूला विषय लिहा. ज्या अभ्यासक्रमाला जो पेपर सक्तीचा असेल त्या चौकटीत पूर्ण खूण, आणि ‘यांपैकी कोणतेही दोन’ अशी मुभा असेल तिथे अर्धी खूण करा. हा फरक पुढे फार कामाचा ठरतो.

दिल्ली विद्यापीठाचे २०२५चे मुख्य नियम नमुन्यासाठी घेऊ. बीकॉम ऑनर्सला एक भाषा, गणित किंवा अकाउंटन्सी यांपैकी एक, आणि आणखी दोन शालेय विषय. अर्थशास्त्र ऑनर्सला एक भाषा, गणित सक्तीचं, आणि आणखी दोन विषय. बीएमएसला, म्हणजे व्यवस्थापनाच्या पदवीला, भाषा, गणित आणि जनरल टेस्ट. बीएससी भौतिकशास्त्र ऑनर्सला भौतिक, रसायन, गणित यांची बेरीज, आणि शिवाय भाषेत किमान ३० टक्के. बीए ऑनर्सच्या बहुतेक विषयांना एक भाषा आणि तीन शालेय विषय, किंवा दोन भाषा आणि दोन शालेय विषय.

भाषेच्या ३० टक्क्यांकडे सायन्सची मुलं हमखास दुर्लक्ष करतात. २५० चे ३० टक्के म्हणजे ७५ गुण. १७ उत्तरं बरोबर आणि १० चुकीची आली तर नेमके ७५ होतात. अवघड नाही, पण एकही सराव पेपर न सोडवता गेल्यास घसरायला पुरेसं आहे. आणि तिथे घसरलं की भौतिकशास्त्रातले २२० गुणही उपयोगी पडत नाहीत.

देवी अहिल्या विद्यापीठाच्या ओळी भरताना त्यांच्याच त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता पेपर धरणार ते उतरवून घ्या. भंवरकुआँच्या क्लासमध्ये मिळणारी छापील चिठ्ठी आदल्या वर्षाची असू शकते.

तिसरं पाऊल: एनटीएची मुभा आणि विद्यापीठाची अट

२०२५ पासून एनटीएने सांगितलं की बारावीत नसलेला विषयही सीयूईटीत घेता येतो. ही बातमी वाचून कॉमर्सची मुलं मानसशास्त्र आणि सायन्सची मुलं राज्यशास्त्र घ्यायला निघाली. पण एनटीए फक्त परीक्षा घेते. प्रवेश विद्यापीठ देतं, आणि पात्रता तेच ठरवतं. दिल्ली विद्यापीठाची अट अशी की ज्या विषयांत बारावी केली, त्याच विषयांचे सीयूईटी पेपर बेरजेत धरले जातील. बारावीच्या विषयाचं नाव यादीत जसंच्या तसं नसेल, तर त्याच्या सर्वांत जवळचा विषय घ्यायचा. बायोटेक्नॉलॉजीवाल्यांनी जीवशास्त्र, तसं.

म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी एक वेगळा रकाना करा: ‘बारावीचा विषय हवा का?’ त्यात हो किंवा नाही लिहा. बारावीबाहेरचा विषय घ्यायचाच असेल, तर हा रकाना ‘नाही’ असलेल्या किमान तीन अभ्यासक्रमांत तो लागत असेल तरच घ्या. एका अभ्यासक्रमासाठी नवा विषय पहिल्यापासून वाचायला बारावीच्या वर्षात वेळ पुरत नाही. शारीरिक शिक्षण, ललितकला, मास मीडिया असे विषय घेण्याआधी ते त्या अभ्यासक्रमाच्या यादीत बसतात का हेही वाचा. एनटीएच्या यादीत नाव आहे एवढ्यावर भरवसा ठेवू नये.

मराठीचं काय?

इंदूरच्या मराठी घरांत हा प्रश्न येतोच, आणि तो दोन वेगळ्या गोष्टींचा आहे: मराठी भाषेचा पेपर घेणं, आणि बाकीचे पेपर मराठी माध्यमातून देणं. अर्जात या दोन्हींचे रकाने वेगळे असतात आणि त्यांची गल्लत होते.

भाषेच्या पेपरात उतारे वाचून उत्तरं द्यायची असतात, शिवाय शब्दसंपत्ती, वाक्यांची जुळणी, भाषिक क्षमता. आजी-आजोबांशी रोज मराठीत बोलणारं मूल हा पेपर सहज सोडवेल असं वाटतं. पण शाळेत दहा-बारा वर्षं हिंदी आणि इंग्रजीच वाचलेलं मूल देवनागरी वाचतानाही शब्दाचा अर्थ हिंदीतून लावतं. ‘शिक्षा’ हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. ‘खाली’ हिंदीत रिकामं, मराठीत तळाशी. उताऱ्यावरच्या प्रश्नांत चार पर्याय एकमेकांच्या जवळचे असतात आणि असा एक शब्द फिरला की उत्तर फिरतं. शिवाय वर सांगितलेली अट इथेही आहे: बारावीत मराठी नसेल, तर दिल्लीसारखं विद्यापीठ ती धरेल असं समजून चालू नका. मराठी हा शाळेतला विषय असेल, किंवा मूल मराठी पुस्तकं नियमाने वाचत असेल आणि तावावरचे अभ्यासक्रम मराठी स्वीकारत असतील, तर हा पेपर आनंदाने घ्यावा. अन्यथा इंग्रजी. इंग्रजी घेतल्याने तावावरची ओळ सहसा बंद होत नाही.

माध्यमाबाबत मात्र ठाम सांगणं आहे: ज्या भाषेत बारावीची पुस्तकं वाचली, तेच माध्यम घ्या. घरची भाषा म्हणून शास्त्रविषयांना मराठी माध्यम निवडणं हिंदी माध्यमातल्या मुलाला फार महागात पडतं. परिभाषाच वेगळी आहे. हिंदीतलं द्रव्यमान मराठीत वस्तुमान होतं, घनत्व घनता होतं, भिन्न अपूर्णांक होतो, तत्त्व मूलद्रव्य होतं. नुसते अनोळखी शब्द असते तर विचार करून अंदाज लावता आला असता. खरा घात ओळखीचे शब्द करतात. हिंदीत ‘अणु’ म्हणजे मॉलेक्यूल, मराठीत ‘अणू’ म्हणजे ॲटम. हिंदीतला ‘परमाणु’ तो मराठीतला अणू, आणि हिंदीतला ‘अणु’ तो मराठीतला रेणू. जीवशास्त्रात मराठी ‘पेशी’ म्हणजे हिंदी कोशिका, तर हिंदीत पेशी म्हटलं की स्नायू. एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. त्यात मनातल्या मनात भाषांतर करायला सवड नसते, आणि चूक झाल्याचं कळतही नाही.

चौथं पाऊल: पाचांची मोळी बांधा

आता तावावर सर्वांत जास्त पूर्ण खुणा असलेले विषय आधी उचला. उरलेल्या जागा अर्ध्या खुणांनी भरा.

कॉमर्स आणि गणित असलेल्या विद्यार्थ्याची मोळी बहुधा अशी येते: इंग्रजी, गणित, अकाउंटन्सी, अर्थशास्त्र, जनरल टेस्ट. यात दिल्लीचं बीकॉम ऑनर्स, अर्थशास्त्र ऑनर्स आणि बीएमएस तिन्ही बसतात. बिझनेस स्टडीज बाहेर राहिल्याचं मुलांना वाईट वाटतं, कारण तो त्यांना सर्वांत सोपा वाटतो. दिल्लीच्या या अभ्यासक्रमांपुरता विचार केला तर अर्थशास्त्राच्या जागी बिझनेस स्टडीज चालतो, कारण तिथे अर्धी खूण आहे. पण तावावरच्या दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाने अर्थशास्त्राचा पेपर सक्तीचा केला असेल तर नाही. गणिताच्या पेपरात १५ प्रश्न सर्वांना समान असतात आणि पुढचे ३५ शुद्ध गणित किंवा अप्लाइड गणित यांतून निवडायचे असतात. बारावीला जे असेल तोच भाग सोडवा, आणि ऐन परीक्षेत चुकीचा भाग उघडू नये म्हणून हे आधीच पक्कं ठेवा.

गणित नसलेल्या कॉमर्सला इंग्रजी, अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज, अर्थशास्त्र आणि जनरल टेस्ट. बीकॉम ऑनर्सचं दार उघडं राहतं, अर्थशास्त्र ऑनर्स आणि बीएमएसचं बंद होतं. हे अकरावीतल्या निवडीचं फळ आहे आणि सीयूईटीत ते दुरुस्त होत नाही. घरात धाकटं भावंड दहावीत असेल तर त्याच्यासाठी ही ओळ आजच वाचून ठेवा.

जेईईची तयारी करणाऱ्यांनी इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित घ्यावेत. पाचवी जागा जनरल टेस्टला दिली तर बीएमएससारखी एक निराळी वाट उघडी राहते. नीटवाल्यांनी गणिताच्या जागी जीवशास्त्र घ्यावं. २०२५ मध्ये नीट ४ मेला झाली आणि सीयूईटी १३ मेपासून सुरू झाली, म्हणजे मधे फार दिवस मिळत नाहीत. दिलासा एवढाच की सीयूईटीचे शालेय विषय बारावीच्या एनसीईआरटी पुस्तकांवर आधारलेले असतात, नीटमध्ये असतो तसा अकरावीचा भाग त्यात नसतो. पण नीटची सवय लागलेली मुलं अवघड गणितं सोडवत राहतात आणि एनसीईआरटीतलं सरळ वाक्य विसरतात.

कलाशाखेला सर्वांत जास्त मोकळीक आहे. इंग्रजी, हिंदी, इतिहास, राज्यशास्त्र, भूगोल अशी मोळी बांधली, तर दिल्लीच्या बीए ऑनर्ससाठी एक भाषा अधिक तीन विषय आणि दोन भाषा अधिक दोन विषय, अशा दोन बेरजा हाताशी राहतात. भूगोलाचा पेपर बिघडला तर हिंदी सांभाळून घेते. हिंदी माध्यमातून एमपी बोर्ड केलेल्या मुलांना याचा चांगला उपयोग होतो. तावावर जनरल टेस्ट मागणारे दोनाहून जास्त अभ्यासक्रम असतील तर मात्र हिंदीची जागा तिला द्यावी लागेल.

जनरल टेस्टबद्दल एक गैरसमज आहे की तिला अभ्यास लागत नाही. तिच्यात सामान्यज्ञान, चालू घडामोडी, तर्क आणि आठवीपर्यंतचं गणित असतं. गणित नि तर्क दोन महिन्यांत बसतात, चालू घडामोडी मात्र रोज वाचून थोड्या थोड्या साठवाव्या लागतात. मेमध्ये सुरू करून त्या होत नाहीत.

पाचवं पाऊल: घड्याळ लावून पारखा

कच्ची निवड झाली की अर्ध्या खुणांच्या विषयांत प्रत्येकी दोन जुने पेपर सोडवा. ६० मिनिटांचा गजर, सगळे ५० प्रश्न, मधे पाणी प्यायलाही उठायचं नाही. समजा ३८ बरोबर, ९ चूक आणि ३ सोडले, तर १९० वजा ९, म्हणजे १८१. दोन पेपरांची सरासरी काढा आणि विषयांची तुलना करा. शाळेच्या सहामाहीतल्या गुणांवरून ही निवड करू नये. तिथे लिहून उत्तर द्यायचं असतं, इथे चारातलं एक ओळखायचं असतं, आणि काही मुलांची एकात गती असते, दुसऱ्यात नसते.

वजा गुणांच्या भीतीने प्रश्न सोडणाऱ्यांनी हिशेब करून पाहावा. अगदी डोळे मिटून खूण केली तरी चार वेळांत सरासरी एकदा ५ मिळतात आणि तीनदा १ जातो, म्हणजे प्रश्नामागे अर्धा गुण वरच. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर प्रश्नामागे एक गुण, दोन पर्याय बाद करता आले तर दोन. म्हणून जे विषय अर्धवट येतात, ज्यांत निदान दोन पर्याय खोडता येतात, तेही मोळीत टिकतात. ज्यात एकही पर्याय खोडता येत नाही तो विषय सोडावा.

‘सोपा विषय घ्या, गुण जास्त मिळतील’ या सल्ल्यापासून दूर राहा. एकाच विषयाची परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पाळ्यांत होते आणि गुण सामान्यीकरण करून लावतात. तुम्ही त्या पाळीतल्या इतरांच्या तुलनेत कुठे आहात, त्याला महत्त्व असतं. जो पेपर सगळ्यांनाच सोपा जातो त्यात चार चुकाही खूप खाली नेतात.

पाचवा विषय घ्यायचाच असंही नाही. तावावर त्याच्या नावाखाली एकही खूण नसेल तर ४०० रुपये आणि त्या विषयाचे अभ्यासाचे तास दोन्ही वाचवा.

अर्ज भरताना

२०२५ मध्ये नोंदणी १ मार्चला सुरू झाली होती, पण तारखा दर वर्षी हलतात. जानेवारीपासून एनटीएचं संकेतस्थळ आठवड्यातून एकदा पाहत जा. अर्ज सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल नंबर आणि ईमेल घरचाच द्या. कॅफेवाल्याचा ईमेल टाकला तर प्रवेशपत्राचा निरोप त्याच्याकडे जातो. नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे अक्षर न् अक्षर लिहा. मराठी घरांत आडनाव, वडिलांचं नाव आणि स्वतःचं नाव यांचा क्रम आधार कार्डावर एक नि गुणपत्रिकेवर दुसरा असतो, तो आधीच जुळवून घ्यावा. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं आणि चालू वर्षाचं लागतं, राज्याच्या नमुन्यातलं चालत नाही. तहसीलमधून ते निघायला दिवस लागतात.

विषयांच्या पानावर आलात की ताव समोर ठेवून एकेक नाव मोठ्याने वाचा आणि दुसऱ्याने त्यावर खूण करावी. भाषा एकदा तपासा, माध्यम एकदा तपासा. पैसे भरल्यावर निघणारं पुष्टिपत्र छापून घ्या आणि त्याच रात्री तावाशी पुन्हा ताडून पाहा. चूक सापडली तर दुरुस्तीची खिडकी उघडते तेव्हा विषय बदलता येतात, पण ती दोन-तीन दिवसच उघडी असते. २०२५ मध्ये २६ ते २८ मार्च होती. या दिवसांत बारावीची बोर्डाची परीक्षाही चालू असू शकते, म्हणून ही तारीख मुलावर न सोडता घरातल्या मोठ्यांपैकी कोणीतरी आपल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

निकालानंतर एक काम राहतं आणि तेच अनेकांचं राहून जातं. सीयूईटीच्या अर्जात विद्यापीठाचं नाव निवडलं म्हणजे तिथे अर्ज झाला असं नाही. दिल्लीचं वेगळं पोर्टल, सागरचं वेगळं, देवी अहिल्याचं वेगळं. प्रत्येक ठिकाणी नव्याने नोंदणी, शुल्क आणि पसंतीक्रम भरावा लागतो. तावाच्या उजव्या कडेला आणखी एक रकाना आखा, त्यात प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलची शेवटची तारीख लिहा, आणि ताव फ्रिजच्या दारावर चिकटवा.